लघु जलविद्युत प्रकल्प आणि मुक्तवाहिनी नद्या : पश्चिम घाटाच्या संदर्भात एक पर्यावरणीय विवेचन

प्रस्तावना

मोठी धरणे, त्यांतून होणारे विस्थापन आणि बुडणारी जंगले यांची चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. कोयना व सरदार सरोवर या प्रकल्पांच्या निमित्ताने ती अनेक दशके होत आली आहे. त्या तुलनेत लघु जलविद्युत प्रकल्पांकडे एक निरुपद्रवी पर्याय म्हणून पाहिले जाते. त्यांत विस्तीर्ण जलाशय नसतो, गावे उठत नाहीत, धूर निघत नाही आणि इंधनही लागत नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचे वर्गीकरण केले, तेव्हा २५ मेगावॅटपेक्षा कमी क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पांचा समावेश प्रदूषण न करणाऱ्या ‘पांढऱ्या’ गटात करण्यात आला. धूर व सांडपाणी यांची कसोटी लावली तर हे वर्गीकरण योग्यच ठरते. परंतु नदीत काय मिसळले याबरोबरच नदीतून काय काढून घेतले, हाही नदीच्या आरोग्याचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन पश्चिम घाटातील, विशेषतः कर्नाटकातील नेत्रावती-कुमारधारा खोऱ्याच्या आधारे केले आहे.

लघु प्रकल्पांची व्याख्या व विस्तार

भारतात २५ मेगावॅटपर्यंतच्या जलविद्युत प्रकल्पाला ‘लघु’ म्हटले जाते. यातही १०० किलोवॅटपर्यंत सूक्ष्म, २ मेगावॅटपर्यंत मिनी आणि त्यापुढे २५ मेगावॅटपर्यंत लघु असे उपप्रकार आहेत. १९९९ मध्ये २५ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाकडे सोपविण्यात आले. २००३ च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मितीचे क्षेत्र खाजगी उद्योजकांना अधिक खुले केले आणि नवीकरणीय वीज खरेदीस कायदेशीर आधार दिला. या धोरणाचा परिणाम म्हणून लघु प्रकल्पांत खाजगी भांडवल मोठ्या प्रमाणात आले. आज देशातील लघु जलविद्युतची स्थापित क्षमता सुमारे ५,००० मेगावॅट असून तिच्यात कर्नाटकाचा वाटा सर्वाधिक आहे.

प्रकल्पाची कार्यपद्धती

लघु प्रकल्पाची रचना वरवर साधी असते. नदीच्या पात्रात आडवा बंधारा घालून पाणी अडविले जाते. ते कालव्यातून अथवा बोगद्यातून डोंगरउताराच्या कडेने नेऊन पोलादी नळांवाटे खालच्या वीजगृहात सोडले जाते. टर्बाइन फिरवून झाल्यावर तेच पाणी पुन्हा नदीस मिळते. पाणी खर्ची पडत नाही, या अर्थाने असे प्रकल्प ‘प्रवाहावर चालणारे’ म्हटले जातात.

तथापि बंधारा आणि वीजगृह यांच्यामधल्या पात्राचा विचार या वर्णनात येत नाही. तेथील बहुतांश पाणी कालव्यातून गेलेले असते आणि नदी त्या टप्प्यात केवळ नावापुरती उरते. वीज ही पाण्याचे प्रमाण व पडण्याची उंची यांवर अवलंबून असते. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर उंचीवरून पडल्यास, यंत्रांतील घट वजा जाता, सुमारे ८३० किलोवॅट वीज मिळते. म्हणजे एवढ्याच उंचीवर २४ मेगावॅट मिळविण्यासाठी दर सेकंदाला सुमारे २९ घनमीटर पाणी वळवावे लागते. घाटातील मध्यम आकाराच्या नदीत एवढे पाणी पावसाळा व त्यानंतरचे काही महिने सोडले तर नसतेच. साहजिकच पावसाळा ओसरला की उपलब्ध असलेला प्रवाह शक्य तितका वळविण्याकडे व्यवस्थापनाचा कल राहतो. उन्हाळ्यात विजेची गरज वाढते, तेव्हा मात्र ही यंत्रे बहुधा थांबलेली असतात.

नदीच्या परिसंस्थेवरील परिणाम

नेत्रावती नदी कुद्रेमुख परिसरात उगम पावते व मंगळूरजवळ अरबी समुद्रास मिळते. पुष्पगिरीच्या डोंगरात उगम पावणारी कुमारधारा तिला उप्पिनंगडी येथे मिळते. पश्चिम घाटात गोड्या पाण्यातील माशांच्या सुमारे २९० जाती नोंदविण्यात आल्या असून त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जाती अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. या माशांचे जीवनचक्र खळाळ, डोह, गोटे-वाळूचे तळ आणि मोसमी पुराचा ताल यांच्याशी बांधलेले आहे. महासीर मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडीच्या तळावर अंडी घालतो. वाटेतील बंधारा पाच मीटर उंचीचा असला तरी त्याचा मार्ग पूर्णपणे बंद होतो.

नेत्रावतीच्या उपनद्यांवर झालेला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात बंधारे असलेल्या व नसलेल्या प्रवाहांची तुलना करण्यात आली. पाणी वळविलेल्या टप्प्यात पात्राची खोली व रुंदी घटलेली, पाण्याचे तापमान वाढलेले आणि विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण कमी झालेले आढळले. माशांच्या जातींची संख्याही तेथे कमी होती.

परिणाम पात्रापुरते राहत नाहीत. कालवे, रस्ते व वीजवाहिन्या यांसाठी डोंगरउतारावरील जंगल तुटते. खोदकामातील दगडमाती ओढ्यांत ढकलली जाते आणि ती गाळ होऊन माशांचे अंडी घालण्याचे तळ झाकते. कर्नाटकातील याच घाटपट्ट्यात झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, प्रकल्प आल्यानंतर मानव-हत्ती संघर्ष वाढल्याचे ग्रामस्थांनी नोंदविले. शिवाय बंधाऱ्यामागे काही तास पाणी साठवून मागणीच्या वेळी एकदम सोडले जाते, तेव्हा खालच्या पात्रातील पातळी अचानक चढते व उतरते. उथळ कडेला आलेली पिल्ले कोरड्या खडकावर अडकून मरतात.

या नद्यांशी लोकांचे नातेही जुने आहे. कपिला नदीच्या काठी शिशिल येथील देवस्थानाजवळच्या डोहांत महासीर माशांना पिढ्यानपिढ्या अभय दिले गेले आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथील देवाचे मासे हे त्याच परंपरेचे मराठी उदाहरण होय. असा डोह टिकतो तो वरच्या अंगाने येणाऱ्या प्रवाहावर. श्रद्धेने शिकार थांबते, परंतु वळविलेले पाणी परत येत नाही.

कायद्यातील उणीव

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २५ मेगावॅट व त्यापुढील जलविद्युत प्रकल्पांस पर्यावरणीय मंजुरी आवश्यक आहे. त्याखालील प्रकल्पांना ती लागत नाही. साहजिकच परिणामांचा अभ्यास व जनसुनावणी यांचीही सक्ती नाही. वनजमीन वापरायची असल्यास वनविषयक परवानगी घ्यावी लागते. परंतु तिचा विषय जमीन हा असतो, प्रवाह हा नव्हे. परिणामी २४ व २४.७५ मेगावॅट अशा, मर्यादेला जेमतेम खाली राहणाऱ्या क्षमतेचे प्रकल्प पुढे आले. एकाच नदीवर लागोपाठ उभे राहणारे प्रकल्प स्वतंत्रपणे तपासले जात असल्याने त्यांच्या एकत्रित परिणामाचा हिशेब कोणीच करीत नाही.

ही प्रवृत्ती केवळ भारतातील नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात परीक्षणाची मर्यादा ५० मेगावॅट असताना अ‍ॅशलू या नदीवरील खाजगी प्रकल्पाची क्षमता ४९.९ मेगावॅट ठेवण्यात आली. तेथील स्थानिक मंडळाने प्रकल्पास नकार दिल्यानंतर २००६ मध्ये प्रांतिक कायद्यातील दुरुस्तीने अशा प्रकल्पांबाबतचा स्थानिक संस्थांचा अधिकारच काढून घेण्यात आला. याउलट बोस्नियातील क्रुश्चित्सा गावच्या स्त्रियांनी २०१७ पासून पाचशेहून अधिक दिवस पुलावर पहारा देऊन आपली नदी राखली, आणि २०२२ मध्ये बोस्निया-हर्झेगोविना संघराज्याच्या संसदेने नव्या लघु जलविद्युत प्रकल्पांवर बंदी आणली.

प्रवाहाच्या किमान प्रमाणाबाबत भारतात काही पावले पडली आहेत. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने हरिद्वारपर्यंतच्या गंगेसाठी ऋतुमानानुसार २० ते ३० टक्के प्रवाह राखणे बंधनकारक केले. मात्र प्रवाहात लक्षणीय बदल न करणाऱ्या मिनी व सूक्ष्म प्रकल्पांना तीतून सूट देण्यात आली. हा बदल लक्षणीय आहे की नाही हे मोजमापाविना ठरविता येत नाही.

पर्यायांचा विचार

सर्वच लघु प्रकल्प एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रात भाटघर, वीर, पानशेत, राधानगरी अशा पूर्वीच्याच धरणांच्या पायथ्याशी लहान वीजगृहे आहेत. तेथे सिंचनासाठी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर वीज मिळते आणि त्यासाठी नदीचा नवा टप्पा कोरडा होत नाही. दुर्गम वस्तीसाठी ओढ्यावर बसविलेले काही किलोवॅटचे संयंत्रही वेगळ्या कोटीतले आहे.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात हाच विवेक दाखविला होता. सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रात स्थानिक गरजेपुरते, कमाल तीन मीटर उंचीचे व ग्रामसभेची संमती असलेलेच प्रकल्प असावेत आणि उगमाजवळच्या पहिल्या व दुसऱ्या श्रेणीच्या प्रवाहांना हात लावू नये, अशी ती शिफारस होती. तीत मेगावॅटऐवजी बंधाऱ्याची उंची, प्रवाहाचे स्थान आणि लोकांची संमती हे निकष आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ‘लघु’ हे विशेषण यंत्राच्या क्षमतेचे आहे. नदीवरील परिणामाचे नाही. पंचवीस मेगावॅटच्या आतील प्रकल्पही नदीचा काही किलोमीटरचा टप्पा कोरडा करू शकतो. म्हणून प्रकल्पाची तपासणी करताना कोरडा पडणाऱ्या पात्राची लांबी, वर्षभर सोडावयाचा प्रवाह, माशांचे स्थलांतर आणि त्याच नदीवरील इतर प्रकल्प या बाबी पाहणे अगत्याचे आहे. प्रवाहाची मोजणी बंधाऱ्याखाली, सर्वांना पाहता येईल अशी असावी. धरणांच्या पायथ्याच्या जागा उपलब्ध असताना उरल्यासुरल्या मुक्तवाहिनी नद्यांवर भार टाकण्याचे समर्थन करणे कठीण आहे. नवीकरणीय ऊर्जेची गरज निर्विवाद आहे. परंतु आटलेल्या डोहातील नष्ट झालेली माशाची जात पुन्हा निर्माण करता येत नाही, याचे भान त्या गरजेच्या पूर्ततेत ठेवले पाहिजे.