धुराची चोरवाट

जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा आवाज वाढला म्हणजे मालकाला प्रथम कौतुक वाटतें. काळजी मागाहून वाटूं लागते. अशा गाडीनें थोडें गर्जावें हें सर्वांनींच गृहीत धरलेलें असतें. त्यामुळें एक्झॉस्टच्या नळीला गळती लागली तरी तो दोष पुष्कळदां गुण म्हणून खपून जातो. वस्तुतः इंजिनांत जळलेला वायु मागच्या टोकापर्यंत न जातां मध्येंच कोठें तरी बाहेर पडत आहे, एवढाच त्या गर्जनेचा अर्थ असतो. आणि तो वायु जातो कोठें, हा प्रश्न आवाजापेक्षां अधिक महत्त्वाचा आहे.

पेट्रोल अपुरें जळलें म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं व वासही नाहीं. हें विष रक्तावर कसा परिणाम करतें तें फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यानें १८५७ सालीं मांडलें. पुढें १८९५ सालीं जॉन स्कॉट हाल्डेन यानें स्वतःवर प्रयोग करून त्याचीं लक्षणें नोंदविलीं. रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून ठेवतें. म्हणून हवेंत त्याचें प्रमाण अल्प असलें तरी शरीर हळूहळू गुदमरतें. डोकें दुखणें, मळमळ, गुंगी हीं पहिलीं लक्षणें. आणि लांबच्या प्रवासांत चालक तीं प्रवासाच्या शिणावर लोटून पुढें जातो. अलीकडील पेट्रोलच्या मोटारींत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. जुन्या गाड्यांत तो बहुधा नसतो, म्हणून त्यांचा धूर अधिक घातक.

नळी मुळांत गळते कां? एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. लांबच्या प्रवासांत नळी तापून ही वाफ निघून जाते. परंतु हौसेची गाडी महिन्यांतून एकदां चार मैल फिरवून पुन्हां झांकून ठेवली, तर तें पाणी थंड सायलेन्सरमध्यें सांचतें आणि पत्रा आंतून गंजूं लागतो. गाडी फार जपणें हेंही गळतीचें एक कारण आहे, तें असें.

उदाहरणासाठीं एमजीबी ही गाडी घ्यावी. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत असे, आणि एकंदर पांच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचें नेहमींचें इंजिन चार सिलिंडरांचें व १७९८ घन सेंटिमीटरांचें. त्याच्या एकाच बाजूला वायु आंत घेणारा व धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड बसविलेले असतात आणि इंजिनाशीं दोघांचें गॅस्केट एकच असतें. दोन कार्ब्युरेटरांच्या गाडींत धुराच्या मॅनिफोल्डला खालीं दोन तोंडें असून, प्रत्येक तोंडाशीं नळी तीन स्टडांनीं जोडलेली असते. गळती बहुधा या दोन जागीं, नळ्यांच्या सांध्यांवर किंवा सायलेन्सरच्या शिवणीवर सांपडते.

जागा शोधण्यास कान व डोळे पुरतात. गार इंजिन सुरू करतांच टकटक ऐकूं आली आणि गाडी तापल्यावर ती मंदावली, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा संशय धरावा; धातु प्रसरण पावून फट बुजते, म्हणून आवाज कमी होतो. उतारावर पाय सोडतांच मागें फटफट बार निघत असतील, तर फटींतून बाहेरची हवा आंत शिरून न जळलेलें पेट्रोल नळींत पेट घेत आहे, असें समजावें. सांध्याभोंवतीं काजळीचा पट्टा दिसला, म्हणजे शंकेला जागाच उरत नाहीं. तरीही खात्री नसेल, तर इंजिन बंद व थंड असतांना मागच्या टोकांतून व्हॅक्यूम क्लीनरनें हवा फुंकावी आणि सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. जेथें बुडबुडे, तेथें भोक.

दुरुस्तीपूर्वीं बॅटरीची तार सोडावी आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां भक्कम स्टँडांवर टेकवावी. जुन्या गॅस्केटमध्यें ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ब्रिटननें त्याच्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ सालीं. म्हणून तें कोरडें खरवडूं नये किंवा त्याची धूळ फुंकूं नये; ओलें करूनच काढावें. नटांवर आदल्या दिवशीं गंज सोडविणारें तेल घालावें. जखडलेल्या नटावर बळ केल्यास स्टड मोडतो आणि तासाभराचें काम आठवड्याचें होतें. नवे नट पितळेचेच असावेत. पोलादी नट उष्णतेनें स्टडाला धरून बसतो, पितळी सहसा बसत नाहीं.

मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी आडवी धरून पाहावी. खालून उजेड दिसला, तर बीड वांकलें आहे. कारखान्यांत तें सपाट घांसून घेतल्यावांचून नवें गॅस्केट टिकणार नाहीं. आणखी एक बारकावा असा, कीं कांहीं जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डांच्या कडा एकदमच दाबतात. दोन्ही कडांची जाडी सारखी नसेल, तर दाब एकीवरच पडतो व दुसरीखालून धूर निसटतो. नट मधून कडांकडे, थोडे थोडे करून आंवळावेत, आणि गाडी एकदां तापून निवाल्यावर ते पुन्हां तपासावेत.

नवी नळी बसवितांना सर्व सांधे प्रथम सैल ठेवावेत. इंजिन आपल्या रबरी आधारांवर हालतें, म्हणून नळीलाही रबरी पट्ट्यांवर मोकळें लटकूं द्यावें लागतें. ताणून बसविलेली नळी लौकरच तडकते. ती कोठें टेकत नाहीं असें पाहून मगच सांधे आंवळावेत. मागचें टोंक गाडीच्या अंगाबाहेर आलेंच पाहिजे. धांवत्या गाडीच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो, आणि टोंक आखूड असल्यास धूर कापडी टपाखालीं ओढला जातो. जमिनीच्या पत्र्यांतील भोकें व त्यांचीं रबरी बुचें याच वेळीं पाहून घ्यावींत.

भोकावर गुंडाळण्याच्या पट्ट्या व लेप बाजारांत मिळतात. घरापर्यंत पोंचण्यास ते उपयोगी पडतात. परंतु गंजलेल्या पत्र्याला त्यांनीं बळ येत नाहीं आणि पुढील फट बहुधा त्यांच्या कडेलाच पडते. काम पुरें झाल्यावर गाडी उघड्या जागींच सुरू करावी, बंद गॅरेजमध्यें कदापि नव्हे. आवाज पूर्वीसारखा भरदार राहिला तर उत्तमच. पण तो सगळा मागच्या टोंकांतून येत आहे, एवढें मात्र प्रत्येक वेळीं ऐकून घ्यावें.