औषधाआधी वारा

सशाची शिंक क्षुल्लक वाटते. परंतु बंदिस्त ससेपालनात तीच अनर्थाची पहिली वर्दी असते. पाश्चरचे नाव धारण करणारा ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ हा जंतू अनेक सशांच्या नाकात मुकाट्याने वस्ती करून असतो. पिंजऱ्यांची दाटी झाली, मूत्रातील अमोनियाने हवा कोंदली, की त्याचे फावते. नाकातून पांढरा स्राव, कलती मान आणि अखेर न्यूमोनिया!

युरोपातील ससेपालकांनी यावर वर्षानुवर्षे खाद्यातून प्रतिजैविके चारली. परंतु जंतू औषधाला सरावले, तर माणसाचेही शस्त्र बोथट होते. म्हणूनच युरोपीय संघाने २८ जानेवारी २०२२ पासून निरोगी कळपांना सरसकट प्रतिजैविके देण्यास मनाई केली. भारतानेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली.

सशांबाबत तर धोका दुहेरी आहे. पेनिसिलिन पोटात गेल्यास आतड्यातील उपकारक जंतू मरतात आणि औषधच प्राण घेऊ शकते. तेव्हा खेळती हवा, कोरडी जागा, नव्या सशांना काही काळ वेगळे ठेवणे, हाच खरा उपचार होय. बंदी सरकार घालू शकते. खिडकी मात्र पालकानेच उघडावी लागते.