आधी शोधायचं, मग फॉरमॅट मारायचं

"मशीन फार स्लो झालंय, एसएसडी टाक आणि नवीन विंडोज मारून दे," एवढाच निरोप असतो. विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, तेव्हापासून असे निरोप वाढले आहेत. पुण्यातल्या छोट्या डीटीपी ऑफिसांमधून मी हे काम करतो. एसएसडीला दोन केबली जोडायच्या असतात आणि विंडोजही पटकन बसतं. वेळ खातं ते त्याआधीचं काम: या मशीनवर विंडोजचं काय आणि माणसाचं काय, हे वेगळं काढणं. विंडोज पुन्हा बसवता येतं. कुणीतरी महिनाभर खपून टाइप केलेली कादंबरी गेली की गेली.

परवाचं मशीन नेहमीच्या घाटणीचं होतं. १ टीबीची एकच हार्डडिस्क, तिचे सी, डी आणि ई असे भाग पाडलेले. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली आणि ई जवळजवळ रिकामा. असं होतं, कारण हाताशी म्हणून आपण फाइल डेस्कटॉपवर टाकतो आणि तो डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरातलंच एक फोल्डर असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हीसुद्धा तिथेच. रोज डोळ्यांसमोर असते ती फाइल सुरक्षित वाटते, आणि सी फॉरमॅट केला की पहिली तीच जाते.

म्हणून मी मालकांशेजारी खुर्ची ओढून बसतो.

"काका, 'अंक फायनल', 'अंक फायनल नवीन' आणि 'अंक फायनल करेक्शन'. छापायला गेलेली कोणती?"

काका चष्मा कपाळावर सरकवून एकेक फाइल उघडतात, अनुक्रमणिकेचं पान बघतात, शेवटच्या लेखकाचं नाव बघतात. "करेक्शनवाली. पण नवीनही राहू दे, तिच्यात जाहिरातींची पानं आहेत." हे मला बाहेरून कधीच कळलं नसतं. मालक समोर नसताना मी एकही फाइल उडवत नाही.

दिसणाऱ्या फाइली झाल्या की न दिसणाऱ्या. आउटलुकमधली मेल, ब्राउझरचे बुकमार्क, टॅलीचा डेटा. यातलं बरंचसं सी ड्राइव्हवर खोल कुठेतरी असतं. आणि मराठी डीटीपीत सगळ्यात मोलाची गोष्ट असते फॉन्ट.

युनिकोड रुळण्याआधीचा मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या खास फॉन्टांमध्ये टाइप केलेला असतो. त्या फाइलीत 'क' नसतोच. तिथे रोमन अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी 'क'चा आकार काढून दाखवतो. फॉन्ट नसेल तर तीच फाइल उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा पसरतात. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. हे फॉन्ट विंडोजच्याच फॉन्ट्स फोल्डरात बसलेले असतात आणि डेटा काढताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी ते फोल्डर आणि सॉफ्टवेअरचा मूळ सेटअप आधी काढून घेतो, डाँगल आहे ना ते बघतो. मग काकांकडून सगळ्यात जुनी पेजमेकरची फाइल मागून घेतो आणि तिच्यात कोणकोणते फॉन्ट वापरलेत याची यादी लिहून ठेवतो.

हे सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर जातं, तेही कॉपी करून, कट करून कधीच नाही. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला की मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा.

विंडोज बसवताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवायची. इथे घाई करू नये. दोन्ही ड्राइव्ह जोडलेले असले तर विंडोज एसएसडीवर जातं, पण मशीन सुरू करून देणारा छोटासा भाग हार्डडिस्कवर पडू शकतो. त्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. पुढे हार्डडिस्क गेली की ठणठणीत एसएसडी असूनही मशीन उठत नाही. शिवाय सेटअपच्या यादीत ड्राइव्हना सी-डी अशी ओळखीची अक्षरं नसतात, 'ड्राइव्ह ०', 'ड्राइव्ह १' असे आकडे असतात. चुकीच्या ओळीवर फॉरमॅट दाबायला एक क्षण पुरतो.

फरक लगेच जाणवतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे ठिकठिकाणांहून वाचावे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. अंकांची पानं आणि मोठे फोटो मात्र हार्डडिस्कवर सुखाने राहतात.

हार्डडिस्क परत जोडली की बायॉसमध्ये एसएसडीला पहिला नंबर द्यायचा. मग अक्षरं तपासायची. विंडोज ती नव्याने वाटतं. जुना सी आता डी झालेला असतो आणि जुना डी ई. पानात जोडलेले फोटो मात्र जुन्याच पत्त्यावर शोधले जातात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ज्याचं अक्षर त्याला परत दिलं की शेकडो पानांचे फोटो जागच्या जागी दिसतात. जुन्या सीला मी 'एक्स' देतो. शेवटी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमधून ती फोल्डरं डीवर हलवायची, पण डीवर आधी त्यांच्या नावाचं फोल्डर करून त्यात. नुसता डी दाखवला तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो. पूर्ण यूजर्स फोल्डर हलवण्याच्या फंदात पडू नये.

"म्हणजे आता बॅकअप झाला ना?" काकांनी विचारलं. नाही झाला. दोन्ही ड्राइव्ह एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच पॉवर सप्लायवर. रॅन्समवेअर शिरलं तर दोन्ही कुलूपबंद होतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने लोकांपर्यंत नेलेला नियम छोट्या ऑफिसालाही परवडतो. काकांचा बाहेरचा ड्राइव्ह आता दर शनिवारी भरून त्यांच्या मुलीकडे कोथरूडला जातो.

एक्स ड्राइव्हवर बरीच जागा अडकली आहे. ती कधी मोकळी करायची, असं त्यांनी दोनदा विचारलं. या मशीनवरून एक अख्खा अंक छापून बाहेर पडू दे, त्यात काही सापडेनासं झालं नाही तर मग पुसू, असं आमचं ठरलंय.