मुले परदेशी ‘वर्किंग हॉलिडे’ला निघतात तेव्हा : पालकांच्या काळजीविषयी

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी घराबाहेर पडतात. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर भागातील शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरतात. परिचारिका भगिनी आखाती देशांत जातात. हे सारे पोटासाठी जाणे आहे आणि ते आपल्या आईवडिलांना समजते. परंतु अलीकडे काही घरांत एक निराळाच शब्द ऐकू येऊ लागला आहे. पदवीधर मुलगी सांगते, “एक वर्ष ऑस्ट्रेलियाला जाते. हाताला मिळेल ते काम करीन, देश पाहीन आणि परत येईन.” हे ऐकून पालक गोंधळून जातात. सुट्टी असेल तर काम कशाला आणि काम असेल तर एकाच वर्षात परत येणे कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न असतो. मुलीला तो प्रश्न जुन्या काळचा वाटतो, म्हणून ती नीट उत्तर देत नाही. उत्तर न मिळाल्यामुळे काळजी वाढते आणि पुढे तिचे रूपांतर भांडणात होते.

म्हणून प्रथम ही योजना काय आहे ते पाहू. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो अमलात आला. त्या करारात ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाची तरतूद होती. त्यानुसार १८ ते ३० वर्षे वयाच्या भारतीय तरुणांसाठी वर्षाला १,००० जागा ठेवण्यात आल्या. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज आले. निवड गुणांवर किंवा शिफारशीवर होत नाही. संगणक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नावे काढतो. निवड झालेल्या व्यक्तीने बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण घेतलेले असावे, तिला कामापुरते इंग्रजी यावे आणि तिच्या खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर असावेत. २०२४ च्या दराने ही रक्कम पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास होते. परतीचे तिकीट किंवा त्याचे पैसे याहून वेगळे. मुक्काम बारा महिन्यांचा. ब्रिटननेही २८ फेब्रुवारी २०२३ पासून अशीच सोडतीची योजना सुरू केली. तिच्यात पदवीधर भारतीय तरुणांसाठी वर्षाला ३,००० जागा आणि दोन वर्षांपर्यंतचा मुक्काम आहे.

या नियमांतील एका कलमाकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. ऑस्ट्रेलियाच्या या व्हिसावर एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ काम करता येत नाही. जास्त काळ राहायचे असल्यास तेथील शासनाची परवानगी किंवा नियमातील सवलत लागते. यावरून योजनेचा हेतू स्पष्ट होतो. तरुणाने फिरावे, खर्चापुरते कमवावे आणि मायदेशी परत जावे यासाठी ती आहे. कायमचे स्थायिक होण्याचा हा मार्ग नाही. घरातल्या तीन माणसांचा संसार सावरण्याचा तर नाहीच नाही.

हे इतके स्पष्टपणे सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडे परदेश हा शब्द उच्चारला की लगेच कर्ज हा शब्द येतो. सोने गहाण पडते, अर्धा एकर विकायला निघतो, मामा आणि काका हातउसने देतात आणि गावात सांगितले जाते की पोरगा वर्षभरात सगळे फेडील. मुलगा विमानात बसतो तेव्हा त्याच्या पाठीवर एका पिशवीचे ओझे असते आणि डोक्यावर संपूर्ण भावकीचे. उचल म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे आजारपणातही फड सोडून जाऊ शकत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. कर्ज काढून पाठविलेला मुलगा याच स्थितीत सापडतो. त्याची उचल मुकादमाने दिलेली नसून घरच्यांनीच दिलेली असते, एवढाच फरक. खराब मालक भेटला तर काम सोडण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी असले पाहिजे, आणि ते घरातल्या कर्जाने काढून घेतले जाते. माझ्या मते पालकांच्या सर्व काळज्यांत ही पहिली असायला हवी. बहुतेक घरांत ती कोणाच्या मनातही येत नाही, कारण ती आपल्याच हातून उभी राहिलेली असते. ५,००० डॉलर आणि तिकीट मुलाच्या स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्या शिलकीतून होत नसेल, तर एकदोन वर्षे थांबावे. तिशीपर्यंत वय आहे.

एजंटांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सोडत संगणक काढतो, त्यामुळे ‘हमखास नंबर लावून देतो’ असे म्हणणारा खोटे बोलत असतो, मग त्याचे कार्यालय कितीही थाटाचे असो. अर्ज ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो आणि शुल्कही तेथेच कळते. ते शुल्क बदलत असते, म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबू नये. सल्ला हवाच असेल तर ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत असलेल्या स्थलांतर सल्लागाराचा घ्यावा. त्यांची यादी सर्वांना पाहण्यासाठी खुली असते.

आता कामाविषयी. शहरात हॉटेलात, उपाहारगृहात किंवा साफसफाईची कामे मिळतात. पण अनेक तरुण शेतीकडे वळतात, कारण पहिल्या वर्षी ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक प्रकारचे काम केले, तर दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. व्हिक्टोरिया राज्यातील मिल्ड्युरा येथे द्राक्षे आणि संत्री, क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग येथे भाजीपाला. राहात्याच्या पेरूच्या बागेत किंवा संगमनेरच्या डाळिंबात घाम गाळलेल्या घरातील मुलाला हे काम अवघड नाही. अडचण कामाची नसून तीन महिन्यांच्या अटीची आहे. त्या कामाचा पुरावा म्हणजे पगाराच्या पावत्या, आणि त्या मालक देतो. मुलगा मनात म्हणतो, आणखी तीन आठवडे सोसू, मग कागद हातात येईल. लबाड मालकाला हे पक्के ठाऊक असते.

ब्रिटनच्या रोझी एलिफ या आईला हे फार मोठी किंमत मोजून कळले. त्यांची मुलगी मिया या शेतकामाची अट पूर्ण करण्यासाठी क्वीन्सलँडमधील होम हिल या लहानशा गावी गेली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये तेथील वसतिगृहात राहणाऱ्या एका व्यक्तीने केलेल्या हल्ल्यात तिचा मृत्यू झाला. तिला वाचविण्यासाठी धावलेला टॉम जॅक्सन हा तरुणही पुढे दगावला. मुलीच्या मृत्यूनंतर रोझी यांनी अशा मुलांना कामावर पाठवण्याआधी मालकांची आणि वसतिगृहांची तपासणी व्हावी म्हणून अनेक वर्षे आवाज उठविला. याच राज्यातील चिल्डर्स गावी जून २००० मध्ये एका वसतिगृहाला आग लावण्यात आली होती आणि तीत १५ तरुण प्रवासी मृत्युमुखी पडले होते. पालकांची झोप उडविण्यासाठी या घटना सांगितलेल्या नाहीत. असे प्रसंग विरळ असतात. परंतु ‘पगार किती’ या प्रश्नाआधी ‘झोपणार कुठे, एका खोलीत किती जण, बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का’ हे विचारायला हवे, एवढे त्यांतून समजते.

आणि विचारल्यावर करता येण्याजोगे पुष्कळ आहे. शेतावरील मजूर बहुधा कंत्राटदारामार्फत घेतले जातात, म्हणजे आपल्या भाषेत मुकादमामार्फत. क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत अशा कंत्राटदाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी घरबसल्या पाहता येते. फळतोडणीत आपल्या टनामागच्या मजुरीसारखी पेटीमागे मजुरी देण्याची पद्धत आहे. पूर्वी तिच्यात फार पिळवणूक होत असे. एप्रिल २०२२ पासून अशा मजुरालाही तासाच्या किमान वेतनाची हमी मिळाली. १ जुलै २०२५ पासून देशाचे सर्वसाधारण किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले आणि ते दरवर्षी जुलैमध्ये सुधारले जाते. याहून कमी कोणी देत असेल, तर ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे विनामूल्य तक्रार करता येते. व्हिसा कोणता आहे याने त्या हक्कात फरक पडत नाही. तक्रार केली तर व्हिसा जाईल ही भीती मुलांना गप्प बसवते. हे ओळखून तेथील शासनाने जुलै २०२४ मध्ये पिळवणुकीविरुद्ध तक्रार करणाऱ्यांना व्हिसाबाबत संरक्षण देणारी व्यवस्था प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. मालकाने पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागितला तर तो देऊ नये. हे वाक्य मुलाकडून निघण्यापूर्वी दोनदा म्हणवून घेतले तरी हरकत नाही.

पवित्र शास्त्रातील तोबीतचा ग्रंथ या विषयाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आंधळा झालेला वृद्ध तोबीत आपल्या तरुण मुलाला दूर मेदिया देशी ठेव आणण्यासाठी पाठवितो. आपण व्यासपीठावरून राफाएल देवदूताविषयी ऐकतो, पण बापाने किती व्यवहार सांभाळला ते सहसा ऐकत नाही. तो मुलाच्या हाती ठेवीचा लेखी कागद देतो. सोबतीला कोण येणार ते पाहतो, त्याचे कूळ आणि घराणे विचारतो, आणि रोजची मजुरी व वाटखर्च आधी ठरवितो. देवदूतालाही चौकशीतून सूट मिळाली नाही! आई हन्ना मात्र रडते, पैशासाठी पोराला का धाडले म्हणून नवऱ्याला बोल लावते. पुढे लग्नामुळे तोबियाला परतायला उशीर होतो, तेव्हा बाप दिवस मोजत राहतो आणि आई रोज वाटेकडे डोळे लावून बसते. शास्त्राने त्या दोघांपैकी कोणाच्याही काळजीला अविश्वास म्हटलेले नाही. आणि तोबियाही आईवडील दिवस मोजत असतील हे ओळखून सासऱ्याकडे परत जाण्याचा आग्रह धरतो. हा भाग मुलांनी वाचावा.

येथवरचे प्रश्न विचारून झाले की सोडता येतात. पुढचे तसे नाहीत. मुलगी एकटी राहणार, लग्नाचे वय निघून जाईल, लोक काय म्हणतील ही काळजी उघडपणे बोलली जात नाही. ती ‘तिकडे थंडी फार असते म्हणे’ अशा वाक्यांतून बाहेर पडते. पंचविशीची मुलगी हे लगेच ओळखते. सरळ बोललेले बरे. ती प्रौढ आहे, व्हिसासाठी आईवडिलांच्या सहीची गरज नाही आणि रविवारी मिस्सेला जाणे हेही तेथे तिच्याच इच्छेवर राहणार. ऑस्ट्रेलियातील लहान गावांच्या अनेक धर्मग्रामांत आज भारतीय धर्मगुरू सेवा करीत आहेत, हे तिला जाता जाता सांगावे. चौकशी करण्याची सक्ती करू नये. आपल्या जिल्ह्यात पाणलोट विकासाचे मोठे काम उभे करणारे फादर हर्मन बाखर १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आले ते तरुणपणीच. त्या काळी पत्राला आठवडे लागत. आज व्हॉट्सअ‍ॅपवरील निळी खूण दोन तास दिसली नाही तरी आपला जीव खालीवर होतो.

फोनचे एक साधे गणित लक्षात ठेवावे. ब्रिस्बेन आपल्यापेक्षा साडेचार तासांनी पुढे आहे. श्रीरामपुरात रात्री साडेआठला जेवण आटोपून आई फोन लावते, तेव्हा तेथे रात्रीचा एक वाजलेला असतो आणि पहाटे बागेत जाणारे मूल गाढ झोपेत असते. आठवड्यातून दोन वेळा, दोघांना सोयीची वेळ ठरवून बोलावे. पहिला प्रश्न ‘किती साठले’ हा नसावा. ज्या मुलाला दर फोनवर हा प्रश्न येतो, तो हळूहळू खरे सांगणे सोडतो. काम सुटले, मालकाने पैसे बुडविले, पाठ दुखावली, यांपैकी काहीच घरी पोचत नाही. ‘जमले नाही तर ये, कोणाला उत्तर देणे लागत नाही’ हे त्याने जाण्यापूर्वी आपल्या तोंडून ऐकलेले असावे, आणि ते ऐकताना वडीलही खोलीत असावेत.

उरलेली कामे कागदांची आहेत. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात एकमेकांच्या नागरिकांना सरकारी आरोग्यसेवा देण्याचा करार नाही, त्यामुळे संपूर्ण मुक्कामाचा आरोग्यविमा काढलाच पाहिजे. तेथील रुग्णालयाचा खर्च आपल्या आवाक्यातील नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याची एक प्रत घरी ठेवावी. त्याच फाईलमध्ये राहण्याचा पत्ता, मालकाचे व कंत्राटदाराचे नाव आणि जवळच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि मुलाने गाव बदलले की तो कागद त्याच दिवशी बदलावा. तेथे पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठी ००० हा एकच क्रमांक आहे. परदेशी अडचणीत सापडलेल्या नागरिकाच्या वतीने भारत सरकारच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. परतीच्या तिकिटाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकून ठेवावी, आणि गावच्या यात्रेला किंवा दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरला त्या खात्यातून एक रुपयाही देऊ नये.