फोन आधी घरच्यांचा येतो

भेटीची वेळ ठरली की पुष्कळदा त्या माणसाच्या आधी त्याच्या घरच्यांचा फोन येतो. बायकोचा, वडिलांचा, कधी सासऱ्यांचाही. ‘त्यांना जरा समजावा हो. चांगली पर्मनंट नोकरी आहे, घराचे हप्ते चालू आहेत.’ नोकरी बदलू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना मार्गदर्शन करणं हे माझं पुण्यातलं काम, आणि हा फोन त्या कामाचाच भाग आहे असं मी धरते. माझं उत्तर ठरलेलं असतं: तुमचा फोन आला होता हे मी त्यांना सांगणार, आणि पुढच्या भेटीला तुम्हीही या. चाळिशीतल्या माणसाच्या नोकरीवर मुलांची शाळा आणि आईची औषधं अवलंबून असतात. घरच्यांना बाहेर ठेवून दिलेला सल्ला एक रात्रही टिकत नाही.

भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात असलेले एक इंजिनिअर आले होते. वय ४१. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, ‘मॅडम, डेटा सायन्सला जाऊ का, एवढंच सांगा.’ कोर्सच्या फीचा पहिला हप्ता भरायची तारीख तोंडावर आली होती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पंधरा दिवस रोज केलेलं काम तासावार लिहून काढा, एवढं सांगितलं. प्रत्येक कामापुढे एकच शेरा: ‘पुन्हा आवडेल’ किंवा ‘नको’.

त्यांनी दोनशे पानी वहीत नीट रकाने आखून लिहिलं. फर्स्ट पीस तपासणी, ‘आवडेल’. लाइन थांबली म्हणून रात्री अकराला आलेला फोन, ‘नको’. चाकणच्या सप्लायरकडे जाऊन तिथल्या ऑपरेटरला गेज कसा धरायचा ते दाखवलं, ‘आवडेल’, आणि त्याखाली दोन रेघा. रिजेक्शनचे आकडे एक्सेलमध्ये भरून चार्ट काढले, ‘नको’. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच चार्ट, पुन्हा ‘नको’. वही आमच्या दोघांच्या मध्ये उघडी होती. मी काही बोलायच्या आतच त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

तरीही मी त्यांना कोर्सचा नाद सोडा म्हटलं नाही. डेटाचं काम करणाऱ्या एखाद्याच्या शेजारी दिवसभर बसून या, मग फी भरा, असं सांगितलं. ते खरंच बसून आले. पुढे त्यांनी क्वालिटीतच, पण सप्लायर सुधारणेच्या कामाची नोकरी धरली. पगार फारसा वाढला नाही, हेही सांगायला हवं. रात्रीचे फोन मात्र थांबले.

लोकांना चाचणी हवी असते, कारण चाचणीचा छापील अहवाल हातात पडतो. आपल्याकडे दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, तेव्हापासून ही अपेक्षा आणखी वाढली आहे. आवडी मोजणाऱ्या बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची १९५९ सालची मांडणी आहे. माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार त्यांनी पाडले. चाचण्या मीही घेते, त्या उपयोगी आहेत. पण साहेबांची बोलणी खाऊन आलेला माणूस त्या दिवशी माणसांशी संबंध येणाऱ्या सगळ्याच कामांवर फुली मारतो, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय. पंधरा वर्षांच्या मुलाकडे चाचणीशिवाय फारसा पुरावा नसतो. चाळिशीच्या माणसाकडे केलेल्या कामाचा ढीग असतो, तो आधी उपसावा.

नवी जागा शोधायची वेळ आली की मंडळी जवळच्या चार मित्रांना सांगतात. त्या मित्रांना बहुधा आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्यांचा अभ्यास केला, तो १९७४ साली पुस्तकरूपाने आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची ती ओळख नेहमीच्या भेटीगाठीतली होती. बाकीच्यांची अधूनमधून भेटणाऱ्यांशी किंवा क्वचितच दिसणाऱ्यांशी. म्हणून मी जुने सहकारी, कॉलेजचे सीनियर, पूर्वीचे व्हेंडर यांची यादी करायला लावते. ‘इतक्या वर्षांनी फोन कसा करायचा?’ हा संकोच प्रत्येकाला असतो. मग पहिला फोन माझ्यासमोरच लावायचा.

राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी मी दोन गोष्टी तपासते. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते. रागाच्या भरात शेवटचे थोडे महिने सोडून निघालेली माणसं पाहिली की जीव तुटतो. दुसरं, पीएफ काढून न घेता नव्या खात्यात ट्रान्सफर करायचा. पेन्शनच्या हक्कासाठी एकूण दहा वर्षांची सेवा मोजतात, आणि पैसे काढून घेतले की ती साखळी तुटू शकते.

आता आमच्या व्यवसायातली एक गोष्ट, जी बाहेर फार कुणी सांगत नाही. विद्यार्थी पाठवला की माणशी कमिशन देणाऱ्या क्लासेसचे फोन मार्गदर्शकांना येतात. मलाही येतात. फी न घेता सल्ला देणारा माणूस तुम्हाला पहिल्याच भेटीत ठरावीक कोर्सकडे वळवत असेल, तर त्याला सरळ विचारा: या प्रवेशातून तुम्हाला काय मिळतं? हा प्रश्न मलाही विचारा. पहिला सल्ला विनामूल्य हवा असेल तर प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जाताना कामाची वही बरोबर न्या, आणि जमलं तर घरातलं एक माणूसही.