थेंब नाही, तरी गळती

रात्रभर उभी राहिलेली डिझेल पिकअप सकाळी स्टार्टर दमवते, पण खाली थेंबही नसतो. म्हणून गळती नाही, हा निष्कर्ष फसवा. टाकीत पंप नसलेल्या गाडीत इंजिनाजवळचा पंप डिझेल ओढून आणतो. नळीला चीर असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ नाही. बुडबुडाच दाब खातो, नोझल उघडत नाही. दोष बॅटरीचा किंवा ग्लो प्लगचा नसेल कशावरून? असेलही. पण पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. त्यात बुडबुड्यांची माळ दिसली, तर बहुधा हवा शिरतेय. मग उंचावरच्या स्वच्छ कॅनमधून पंपाला थेट डिझेल द्या. बुडबुडे थांबले, तर खोट मागे: नळीत, क्लॅम्पमध्ये, फिल्टरच्या रबरी वॉशरमध्ये. महागडा पंप उघडण्याआधी तो वॉशर बदलून पाहा.