स्थिर नसणारा स्थिरांक

विद्युत अपारक पदार्थांच्या कोष्टकात प्रत्येक नावापुढे एकच आकडा छापलेला असतो. धारित्राच्या दोन पट्ट्यांमध्ये तो पदार्थ ठेवल्यास भार साठविण्याची क्षमता किती पट होते, हे तो सांगतो. क्वार्ट्‌झ हा दाबविद्युत स्फटिक असला तरी त्याचा सुमारे साडेचार हा आकडा विद्युत क्षेत्र वाढविल्याने फारसा ढळत नाही.

रोशेल लवणाची गोष्ट निराळी. १९२० मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक यांना आढळले, की या स्फटिकावरील क्षेत्र काढून घेतले तरी ध्रुवण शिल्लक राहते. त्यात मुळातच ध्रुवित असे लहान लहान प्रदेश असतात, शेजाऱ्याच्या उलट दिशेचे. क्षेत्र लावताच अनुकूल दिशेचे प्रदेश पसरतात आणि स्थिरांक वाढतो. सारे एका दिशेला वळले, की वाढत्या क्षेत्राला वळविण्यासारखे थोडेच उरते. मग स्थिरांक उतरतो. त्याला स्थिरांक का म्हणावे, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.

हे सारे उणे १८ ते २४ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यानच घडते. त्यापुढे ते प्रदेशच नाहीसे होतात. दाबाने वीज देण्याचा गुण तेवढा राहतो. दारव्ह्याच्या वैशाखात हा प्रयोग फसणारच. आम्ही पौषातील सकाळ सुचवितो. क्रीम ऑफ टार्टर व धुण्याचा सोडा यांच्या द्रावणातून हे स्फटिक शाळेतही वाढविता येतात. ओलाव्यापासून मात्र ते जपावे लागतात.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील गॅस लायटरमध्ये हे लवण नसते. तेथील सिरॅमिकवर कारखान्यातच तीव्र क्षेत्र लावून त्याचे ध्रुवण पक्के केलेले असते, आणि त्यावरच रोजची ठिणगी पडते.